तुंब्याला हात

आमच्या जुन्या घराच्या सोप्यात, तुळईच्या खुंटीला बांबूचं एक नळकांडं अजून लटकतंय. वीत-दीड वीत लांब, वरून काळंकुट्ट, आत वाळून दगड झालेलं वंगण. पुण्याहून पोरं सुट्टीला आली की विचारतात, हे काय? मी सांगतो, हा आज्जाच्या गाडीचा वंगणाचा नळा. त्यांना वाटतं म्हातारा जुन्या वस्तू जपतोय. पण त्या नळ्याशी माझा एक जुना हिशोब आहे, तो आज लिहून टाकतो.

आमचं गाव कृष्णाकाठचं. आज्जाची बैलगाडी म्हणजे बाभळीच्या लाकडाचा डोंगर. चाकाच्या मधे जाडजूड तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि सगळ्यावर लोखंडी धाव. तुंब्याच्या भोकात लोखंडी नळी ठोकलेली असायची. त्या नळीतून आख जायचा आणि आखाच्या टोकाला खीळ. चाक फिरायचं ते त्या नळीत, लोखंडावर लोखंड घासत. मधे काय, तर वंगण. एरंडीचं तेल, काजळी, नाहीतर गिरणीवरनं आणलेलं जळकं ऑईल आणि त्यात तागाच्या चिंध्या.

आज्जा बाजाराला निघाला की दर दोन-तीन कोसांवर गाडी थांबवायचा. बैलांना पाणी दाखवायचा, मग गाडीला वळसा घालून दोन्ही तुंब्यांवर पालथा हात ठेवायचा. हात ठेवला तर ठीक, झटकन काढला तर नळकांडं खाली यायचं. खीळ काढायची, चाक वीतभर बाहेर ओढायचं, काडीनं वंगण सारायचं, पुन्हा चाक आत. मी पाच-सहा वर्षांचा असेन. मलाही तो हात लावायला लावायचा.

"तुंब्याला हात लाव, पोरा. चाक तोंडानं बोलत न्हाई, अंगानं बोलतंय."

खरं तर चाक तोंडानंही बोलायचं. वंगण संपलेली गाडी अर्ध्या मैलावरून ऐकू यायची. ती करकर ऐकून बायका म्हणायच्या, कुणाची गाडी उपाशी चाललीय.

उन्हाळ्यात ओढ्याकाठी धाव बसवायचा कार्यक्रम असायचा. सुतारतात्यांनी चाक तयार केलेलं असायचं. लोहार धाव शेणकुटाच्या आरात लाल करायचा. तापल्यावर लोखंड फुगतं, म्हणून ती चाकावर सहज बसायची. बसली की चार जण घागरी ओतायचे. धाव आवळायची आणि सगळे सांधे कचाकचा घट्ट व्हायचे. गावातलं पहिलं यंत्रशास्त्र मी तिथं पाहिलं. पलीकडं पंधरा-वीस मैलांवर किर्लोस्करवाडीला 1910 पासून लोखंडी नांगर तयार होत होते. लोखंड शेतात आलं होतं. गाडीच्या तुंब्यात मात्र तीच नळी आणि तेच वंगण.

जगात दुसरीकडं या घासण्यावर उपाय कधीच निघाला होता. वेल्समधल्या फिलिप वॉन नावाच्या कारखानदारानं 1794 साली घोडागाडीच्या आखासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. घासण्याऐवजी गोळ्यांवर गडगडत न्यायचं, एवढीच कल्पना. जड ओंडका ओढायला दहा माणसं लागतात, पण खाली दोन गोल लाकडं सारली की चौघांत तो चालतो. आमच्या गावात हे प्रत्येकाला ठाऊक होतं, तुंब्यात कुणी नेलं नव्हतं इतकंच. मग 1898 मध्ये अमेरिकेतल्या हेन्री टिमकेन या माणसानं एका टोकाला निमुळत्या होत जाणाऱ्या रोलरांचं बेअरिंग काढलं. हा माणूसही गाड्या बनवणाराच. गाडी सरळ चालली की भार वरून खाली येतो, पण वळणावर तोच भार आडवा रेटतो. निमुळते रोलर हे दोन्ही भार सोसतात. आज ट्रॉलीच्या हबमध्ये जे बेअरिंग असतं ते याच घराण्यातलं. आपल्याकडं जयपूरला 1946 साली बेअरिंगचा कारखाना निघाला आणि साठीच्या दशकात पुण्याजवळ चिंचवडला. तोवर ही वस्तू बोटीनं येणारी.

आमच्या भागात बेअरिंग आलं ते उसाच्या पाठीवर बसून. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, 1950-51 ला त्याचा पहिला हंगाम झाला. पाठोपाठ सांगलीला वसंतदादा पाटलांनी कारखाना उभा केला, मग नदीकाठानं धुराडी उगवतच गेली. कारखान्याला ऊस वेळेत पाहिजे. लोखंडी धावेची गाडी डांबरी रस्ता कापायची आणि बैलांचा जीव काढायची. म्हणून टायरगाडी आली. हवेचा टायर, लोखंडी आख, आत बेअरिंग. त्याच दोन बैलांवर दोन टनांच्या आसपास ऊस जाऊ लागला. बहात्तरच्या दुष्काळानंतर बीड, नगर, पाथर्डी भागातून ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्या वाढल्या, त्यांच्या मागोमाग टायरगाड्यांच्या रांगा.

आज्जानं टायरगाडीचं चाक पहिल्यांदा फिरवून बघितलं तेव्हा ते बराच वेळ फिरतच राहिलं. म्हातारा हसला आणि म्हणाला, "आवाज न्हाई हिला. मग बिघाड कळायचा कसा?"

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बँकेचं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला आणि दोन ट्रॉल्या जोडल्या. हंगामात कारखान्याची वाहतूक करायची, उरलेल्या दिवसांत नांगरट. दोन्ही ट्रॉल्यांत मिळून पंधरा-सोळा टन ऊस, चार-चार चाकं, म्हणजे आठ हब. आमच्या घरात हबला तुंबाच म्हणायचे. आप्पांचा नियम आज्जाचाच. प्रत्येक खेपेला वाटेत दोनदा थांबायचं आणि आठी तुंब्यांना हात लावायचा. मी दहावीत होतो. शनिवारी रात्री किन्नर म्हणून बरोबर जायचो. हात लावायचं काम माझं.

संक्रांतीच्या आधीचा शनिवार. थंडी मी म्हणत होती. फडातून निघताना टोळीतला एक जोडीदार आणि त्याची बायको आली, कडेवर पाच-सहा वर्षांची पोर. तिला ताप भरला होता. कारखान्यावर डॉक्टर होता, तिथवर न्या म्हणाले. भरल्या ट्रॉलीवर माणसं घ्यायची नाहीत हा आप्पांचा दुसरा नियम. पण पोरीचं अंग विस्तवासारखं लागत होतं. आप्पांनी मागच्या ट्रॉलीवर, उसाच्या मोळ्यांत खळगा करून त्यांना बसवलं आणि वर आपली घोंगडी दिली.

ओढा ओलांडून पलीकडं थांबलो. आप्पा म्हणाले, "हात लाव जा."

मी उतरलो. पुढच्या ट्रॉलीचे चार तुंबे बघितले. कोमट होते, तेवढे असतातच. मागच्या ट्रॉलीकडं जायला चिखल होता, पायात रबरी चपला. मी तिथनंच माघारी फिरलो आणि मडगार्डवर चढून बसलो.

"बघितलंस?"

"व्हय. आठी गार हायती."

ट्रॅक्टर निघाला. पुढं कालव्याचा चढ आहे, चढ संपला की कठडा नसलेला पूल. चढाला बैलगाड्यांची रांग होती. आम्ही हळूहळू त्यांच्या कडेनं चाललो होतो. ट्रॅक्टरच्या धडधडीत मागचं काही ऐकू येत नव्हतं. एवढ्यात बैलांच्या बरोबरीनं चालणारा एक म्हातारा गाडीवान आमच्याकडं पळत आला आणि ओरडला, "ओ पाव्हणं, थांबवा! मागलं चाक रडायलंय!"

आप्पांनी पुलाच्या अलीकडं पन्नास-साठ पावलांवर ब्रेक दाबला. बॅटरी घेऊन मागं पळाले. मागच्या ट्रॉलीचं डावं मागचं चाक वरून आत कललेलं. तुंब्यातून धूर निघत होता, वितळलेलं ग्रीस रिमवरून ओघळून टायरला लागलं होतं आणि जळका उग्र वास. आप्पा तुंब्यावर थुंकले तर चर्र झालं. त्यांनी आधी वर हात करून त्या बाईला आणि पोरीला उतरवून घेतलं. मग माझ्याकडं बघितलं. फक्त बघितलं.

त्या गाडीवानानं मायलेकीला आपल्या गाडीत घेतलं आणि दोन मैलांवर कारखान्याला पोचवलं. पोर वाचली, तिसऱ्या दिवशी फडात खेळताना मी तिला पाहिलं. पण त्या रात्री हे ठाऊक नव्हतं. आप्पा रस्त्याच्या कडेला दगड लावून, पाचटाची शेकोटी करून बसून राहिले. मी समोर. सकाळपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

उजाडल्यावर तालुक्याचे मिस्त्रीकाका लूनावरून आले. ते आधी भोवतीनं हिंडले. बाकीच्या सात तुंब्यांना हात लावला. मग मला म्हणाले, "ये हिकडं, शिकून घे."

निम्म्या मोळ्या उतरवल्या. बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. जॅकखाली जाड फळी घातली, नाहीतर ओल्या मातीत जॅक रुततो. चाकाचे नट आधी जमिनीवरच ढिले करून घेतले, कारण चाक उचलल्यावर ते पान्याबरोबर फिरत राहतं. मग काकांनी मला शेजारचं चांगलं चाक उचलून दाखवलं. एक हात चाकाच्या माथ्यावर, एक खाली, आणि एकदा आत एकदा बाहेर हलवायचं. "कळतंय का काय?" अगदी किंचित, केसाएवढी हालचाल होती. "एवढी पायजेच. आता हे बघ." बिघडलेलं चाक तसंच धरलं तर खडाखडा वाजलं. ह्याला खेळ म्हणतात. खेळ आला की बेअरिंग संपलं. मग चांगलं चाक हातानं फिरवून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तुंब्यावर आणि मूठ माझ्या कानाला लावली. आतून एकसारखी सरसर येत होती. "खराब असलं की जात्यात खडा आल्यावानी येतंय."

टोपी काढली. कोटर पिन तुटून नटाच्या खाचेत चिणली होती. नट, वायसर, मग बाहेरचं बेअरिंग. ते सबंध निघालंच नाही, रोलर सुटे सांडले आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्याचे तुकडे झालेले. लोखंड तापून निळं पडलं होतं. आतल्या बाजूचं बेअरिंग त्या मानानं धड होतं, पण त्यातलं ग्रीस बघून काका थांबले. ते काळं असायला हवं होतं, ते ताकासारखं पांढरट होतं.

"पाणी शिरलंय. सील गेलंय आधीच. तापल्या तुंब्यानं वढ्यात गेला की आतली हवा गार व्हती, आकसती, आन् फाटक्या सिलातनं पाणी आत वढून घेती. ही आजची गोष्ट न्हाई आप्पा, महिनाभर चाललंय हे."

महिनाभर. म्हणजे चार शनिवार. त्या चारांपैकी किती वेळा मी मागच्या तुंब्यांना खरंच हात लावला होता, ते मला ठाऊक होतं. आप्पांनाही त्या क्षणी कळलं असावं.

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. काकांनी तो चिंधीनं पुसून कागदावर उतरवला. शेवटचे दोन आकडे पाचानं गुणले की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये निघतं, हेही तिथंच शिकलो. शेवटी आठ असलं तर चाळीस मिलिमीटर. आप्पा सायकलवरून तालुक्याला गेले. पैसे कुठून आणले ते पुढं आईच्या बोलण्यातून कळलं. संक्रांतीला तिला घ्यायचं लुगडं त्या वर्षी राहिलं.

नवं बेअरिंग नुसतं जुन्या कपात बसवायचं नसतं. रोलरचा कोन आणि बाहेरचा कप ही जोडी असते, झिजलेल्या कपात नवे रोलर घातले तर चार खेपांत तेही जातात. काकांनी तुंब्यातला जुना कप पितळी पहारीनं आतून ठोकून काढला. एक ठोका इकडं, एक समोर, म्हणजे तो तिरका अडकत नाही. तुंबा रॉकेलनं धुतला. आखावर बोट फिरवून बघितलं, ओरखडा होता तो बारीक कानशीनं मऊ केला. नवा कप बसवताना जुना कप त्याच्यावर उपडा ठेवून ठोकला, म्हणजे हातोडीचा घाव नव्याला बसत नाही. कप पुरता तळाला टेकेपर्यंत आवाज बोदा येतो आणि टेकला की टणक होतो. तो फरक त्यांनी मला दोनदा ऐकवला.

मग आप्पांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. ग्रीसचा डबा माझ्यापुढं सरकवला.

"हे तू भर."

तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत ओढायची, रोलरांच्या मधून ग्रीस पलीकडच्या कडेनं वर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुन्हा. वरून लिंपलेलं ग्रीस काही कामाचं नाही, ते आतल्या रोलरपर्यंत पोचत नाही. मी तासभर भरत होतो. हात थंडीनं वळले होते. काका म्हणाले, पुरे. आप्पा म्हणाले, "भरू द्या त्याला."

आतलं बेअरिंग, मग नवं सील, ओठ आतल्या बाजूला करून. तुंबा आखावर चढवला, बाहेरचं बेअरिंग, वायसर, नट. नट आवळताना काका चाक फिरवत राहिले, म्हणजे रोलर आपल्या जागी सरळ बसतात. चाक जड फिरेस्तोवर आवळलं आणि मग नट थोडा मागं घेतला. मला वाटलं होतं, घट्ट केलं की पक्कं होतं. काका म्हणाले, "लई आवळलं तर तापून चिकटतंय, लई ढिलं तर खडखडतंय. लोखंडाला बी फुगाया जागा लागती." नटाची खाच आखाच्या भोकासमोर आणून नवी कोटर पिन घातली, जुनी सरळ करून नाही. दुपार झाली. ऊस वाळून वजनाला कमी भरला, काट्यावर त्याचा फटका बसला. टोळीचा अर्धा दिवस बुडाला त्याची मजुरी आप्पांनी आपल्या खिशातून मुकादमाकडं दिली.

त्या गाडीवानाला आप्पा पुढं अड्ड्यावर शोधून भेटले. चहा पाजला. तो म्हणाला, "आमचे कान बैलांपाशी अस्त्यात, म्हणून ऐकू आलं. तुमी इंजनावर बसता."

मला वाटत होतं आप्पा आता मला नेणार नाहीत. पण पुढच्या शनिवारी त्यांनी हाक मारली. पहिल्या थांब्यावर म्हणाले, "हात लाव जा." मी आठी तुंब्यांना हात लावून आलो. मग ते स्वतः उतरले आणि माझ्या मागून आठी तुंब्यांना हात लावून आले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या थांब्यावर तेच. तो सगळा हंगाम तसा गेला. मार बसला असता तर आठ दिवसांत विसरलो असतो.

पुढच्या वर्षी मी अकरावीला होतो, हंगामाचे दोन महिने झाले असतील. ओढ्यापलीकडं थांबलो. मी हात लावून परत आलो आणि सांगितलं, "पुढच्या ट्रॉलीचा उजवा मागचा जरा जास्त हाय. बाकी कोमट." आप्पांनी विडी पेटवली. "सकाळी उघडून बघू," म्हणाले, आणि खाली उतरले नाहीत. मी मडगार्डवर बसलो आणि अंधारात तोंड फिरवून डोळे पुसले.

आता मी पुण्यात असतो आणि मोटार चालवतो. मोटारीच्या बेअरिंगला आता ग्रीस भरावं लागत नाही. बऱ्याच गाड्यांत हब आणि बेअरिंग एकत्र, कायमचं बंद केलेलं येतं, बिघडलं की अख्खं बदलायचं. पण ते बोलतं अजून पूर्वीसारखंच. मागच्या वर्षी गावाकडं येताना साताऱ्याच्या अलीकडं घूं-घूं असा आवाज येऊ लागला, वेगाबरोबर वाढणारा. सिमेंटचा रस्ता जाऊन डांबरी आला तरी बदलला नाही, म्हणजे टायरचा नव्हता. उजवीकडं वळताना वाढायचा, डावीकडं वळताना कमी व्हायचा. उजव्या वळणाला भार डाव्या चाकावर जातो, म्हणजे डावं बेअरिंग. बायको म्हणाली, जाऊ दे, गाव जवळ आलंय. मी गाडी कडेला घेतली. उतरून चारी चाकांच्या मधोमध पालथा हात नेला. पुढचं डावं पोळत होतं. नातू काचेतून बघत होता, त्याला खाली बोलावलं. त्याचा हात धरून आधी गार चाकाजवळ नेला, मग तापल्या चाकाच्या जरा लांब धरला, भाजू नये इतक्या अंतरावर.

साताऱ्यात दुरुस्ती होईपर्यंत रात्र झाली. घरी पोचलो तेव्हा सोप्यात दिवा होता. नातवानं नळकांड्याकडं बोट दाखवून विचारलं, हे काय? मी ते खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिलं.